साडेनऊला बारा

सोमवारी तिन्हीसांजेला ओल्डमहून बस येते
लान्डिड्नोच्या समुद्रासमोरच्या आमच्या हॉटेलात.
चाळीस म्हातारे, चार वॉकर, एक ऑक्सिजनची नळकांडी.
सोमवारी नाताळची आदली रात्र,
मंगळवारी नाताळ,
बुधवारी उरलेली टर्की सँडविचमधून,
आणि गुरुवारी मी.
गुरुवारी नवं वर्ष.

तारीख असते नोव्हेंबरची सहा. किंवा तेरा. किंवा वीस.

खऱ्या डिसेंबरात खोल्यांचे दर चढतात
आणि खऱ्या डिसेंबरात मुलं बोलावतात, किंवा बोलावत नाहीत;
त्यापेक्षा हे बरं, आधीच उरकून टाकलेलं.

मी एम्रिस. अकॉर्डियन, थोडी जादू, पुष्कळ विनोद.
विनोद माझ्याहून जुने,
पण हसणारे त्यांच्याहूनही जुने, म्हणून खपून जातं.
चकचकीत कोटाची डावी बाही बायकोने शिवलेली.
बायको गेली. म्हणजे वारली नाही, गेली,
रेक्समला, कौलं बसवणाऱ्या एका माणसाबरोबर.
टाके मात्र अजून धरून आहेत.

मॅनेजरीणबाई ग्लेनिस बेब पाकिटात नव्वद पाउंड देतात.
अट एकच: साडेनऊला बारा वाजले पाहिजेत.
दहाला सगळ्यांच्या गोळ्या असतात.
बारा वाजवणं मला जमतं,
रेक्समला विचारा.

तर त्या तेरा तारखेला
सात नंबरच्या टेबलावर, हीटरला पाठ लावून,
मेव्हिस ऑलरेनशॉ.
डोक्यावर कागदी मुकुट,
शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे बशीत दुसरा मुकुट, घडी न मोडलेला.
बुकिंग फेब्रुवारीतलं होतं, दोघांचं.
दोघांनी दोन टोकं धरून ओढायचा तो कागदी फटाका
तिने एकटीनेच दोन्ही हातांनी ओढला.
वाजला. आतून नखं कापायची कात्री निघाली.

मध्यंतरात ती माझ्यापाशी आली.
म्हणाली, मोजशील ना दहापासून खाली,
तर शून्यावर जाऊ नकोस.
ह्या वर्षात तो होता थोडा.
पुढच्यात नाही.
मग स्वतःच म्हणाली, खोटंच आहे सगळं, मला कळतं.
बाहेर कचऱ्याची गाडी नोव्हेंबरचीच आहे.
तरी.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.
लिंबूपाणी प्यालो.

साडेनऊ.
सगळे उभे, जे उभे राहू शकतात ते.
छताला जाळीत फुगे, जाळीची दोरी माझ्या हातात.
दहा, नऊ, आठ,
खोकल्यांसकट सगळी खोली मोजतेय,
चार, तीन, दोन,
आणि माझा भाता मिटता मिटता
आपोआप उलटा उघडला:
तीन, म्हणालो मी. चार.

क्षणभर शांतता. मग कुणीतरी खिदळलं.
पाच, सहा.
त्यांना वाटलं, हाही माझा जुनाच विनोद.
दहा ओलांडले, वीस ओलांडले,
ड्रायव्हर पर्सी टेबलावर मूठ आपटत,
बहिऱ्या जुळ्या बहिणी एक आकडा मागे,
चाळीस, पन्नास,
आणि स्वयंपाकघराच्या दारात ग्लेनिस बेब
स्वतःच्या मनगटावर बोट आपटतायत, लालबुंद.

एकाहत्तरला मेव्हिस बसली.
तो एकाहत्तरचा होता की काय, मी विचारलं नाही.
दम सगळ्यांचाच संपला होता.
लोक जुन्याच वर्षात लिफ्टने वर गेले,
गोळ्या घेतल्या, झोपले.

पाकिटात ऐंशीच निघाले.

शुक्रवारी बस सुटली. साधी चौदा नोव्हेंबर, धुकं.
तिने खिडकीतून हात केला नाही,
पर्स शोधत होती बहुतेक.

वीस तारखेला स्टोकची बस.
मुकाट शून्यापर्यंत मोजलं, दोरी ओढली.
ग्लेनिस बेबनी काटकसर केली होती:
नवे फुगे थोडेच, बाकीचे गेल्या गुरुवारचे.
नवे टणटण उड्या मारत गेले नाचणाऱ्यांत.
जुने, सुरकुतलेले,
सावकाश उतरले
आणि सात नंबरच्या टेबलाखाली जाऊन थांबले.