हातचा एक

बाबांच्या वहीत दोनच रकाने: आपली, त्यांची.
मधली रेघ पट्टी लावून ओढलेली;
समुद्रावर ती नेमकी कुठे आहे
हे तीस वर्षं रडारसमोर बसूनही त्यांना सांगता येत नाही.

आमच्या बेटाच्या शाळेत मुलं अकरा.
मंगळवारी सकाळी डोक्यावरून विमानं चौदा.
आधी कपाटातल्या बश्या बोलतात,
मग कोंबड्या गप्प होतात,
मग बाबा अंगणातून ओरडतात, "मिर्सिनी, पेन!"

पेन्शनीत निघाले तरी मोजदाद सुटली नाही.
किती, कुठल्या बनावटीची, केवढ्या पल्ल्याची,
पंखाखाली क्षेपणास्त्रं किती, जादा टाक्या किती.
महिनाअखेरीस बेरीज.
नऊ आणि आठ सतरा, सात मांडले, हातचा एक.
प्रत्येक पानाच्या डोक्यावर तो बारीक एक,
माशी बसून गेल्यासारखा.

गुरुवारच्या बोटीने समोरच्या किनाऱ्यावरून जेवदेत येतो,
जाळ्यांचा दोरा विकतो
आणि बाबांकडून सोंगट्यांत हरून जातो.
त्यांच्या विमानतळावर मेकॅनिक होता;
बोटांच्या पेरांतलं काळं अजून निघालेलं नाही.
वही त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचली.
"क्लेआंथिस, ही कागदावरची विमानं.
आमच्या विसातली सहा पोट उघडून उभी असायची,
एकाचं आतडं काढून दुसऱ्याला लावायचं,
साहेब पाहणीला आला की सगळ्यांना रंग."
बाबांनी बराच वेळ फासे खुळखुळवले.
"आमच्याकडे रंगही नसायचा."

दोन्हीकडे नटबोल्ट तेच, आटे तेच,
खोकं उघडलं की वर त्याच दूरच्या कारखान्याची चिठ्ठी.
एकाच सुताराने कातलेली लाटणी घेऊन
दोन जावांनी एकमेकींवर धावून जावं,
आणि सुताराने ओट्यावर बसून
दोघींकडून मजुरी मोजून घ्यावी.

धक्क्यावरची पोरं फोन हातात घेऊन वाद घालतात:
चौथी पिढी, साडेचौथी पिढी, पाचवी.
"साडेचौथी!" बाबा म्हणतात, "आमच्या घरात दोनच उरल्यात."
पाचवीचं विमान रडारवर दिसतच नाही म्हणे.
न दिसणारं कुठल्या रकान्यात लिहायचं
यावर दोघा म्हाताऱ्यांनी एक अख्खी बाटली संपवली.

आणि त्याच संध्याकाळी जेवदेत मागची पानं चाळू लागला.
"जुनं आहे ते," बाबा म्हणाले, "राहू दे."
एका नोव्हेंबरचं पान.
त्यांची: उणे एक.
खाली दोन ठसठशीत रेघा, शेजारी काहीतरी निळं.
मी आजवर समजत होते शाई सांडली.
छोटा झेंडा होता तो.

जेवदेतने सोंगटी जिथे होती तिथेच ठेवली.
"तुरुल. शिडी मीच लावली होती,
पट्टे मीच आवळले.
बारा लिरा हरला होता माझ्याशी,
म्हणाला, उतरलो की देतो."

"पडद्यावर हिरवा ठिपका होता," बाबा म्हणाले.
"मग नव्हता.
मी घड्याळ बघून वेळ लिहिली."

पुढच्या बोटीने जेवदेत आला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
तिसऱ्या गुरुवारी आला, दोऱ्याचा भाव वाढवून.
घासाघीस केल्याशिवाय मीठसुद्धा न घेणाऱ्या बाबांनी
मुकाट पैसे दिले.

वही चालूच आहे. रकाने तेच, रेघ तीच.
परवा मी सगळ्या बेरजा पडताळून पाहिल्या:
तेव्हापासूनच्या एकूण एक चुकलेल्या.
वर हातचा मांडलेला, स्वच्छ, ठळक,
खाली मिळवायचा मात्र राहिलेला.
हातच्या एकाची किंमत दहा असते
हे अकरा मुलांना रोज मीच शिकवते.

लाल पेनचं टोपण काढलं,
आणि कपाटात बश्या बोलू लागल्या.