एकवीस दिवस

जेल थंड असते. ती दचकते.
"झालंच बघ," मी म्हणतो, काहीच झालेलं नसताना.
पडद्यावर झडप उघडते, म्हणजे किती उघडते,
तर मे महिन्यात तापीच्या डबक्यात
मागे राहिलेल्या माशाच्या तोंडाइतकी.
चार चौरस सेंटिमीटर हवी होती.
मोजली. पॉइंट आठ.
पुन्हा मोजली,
कारण वयाच्या रकान्यात तेरा लिहायचं होतं.

सुरकी रेहज्या पावरा. धडगावच्या वरचा कुठला तरी पाडा.
आधी घसा दुखला होता,
मग एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा.
कुणी पाला बांधला, कुणी पांढरी गोळी दिली.
दुखणं गेलं, असं सगळ्यांना वाटलं.
ते वरच्या मजल्यावर राहायला गेलं होतं.

भंगाळे मॅडम आल्या की आधी माझं मशीन बंद करतात.
"डोया मिटा नि कान उघाडा," शिकाऊ पोरांना म्हणतात,
यावलची बोली अशा वेळीच बाहेर पडते.
डावी कूस. श्वास सोडून धर, बेटा.
आठ जण, आळीपाळीने, एकाच इवल्या जागेवर.
भुसावळचा चौधरी म्हणाला,
मालगाडी. रात्रीची. पुलावरून जाणारी, लांबून.
निखत तडवी बराच वेळ वाकून राहिली.
"ढोल," म्हणाली, "पलीकडच्या पाड्यातला.
लग्न आपल्याकडे नाही, पण झोप आपली जाते."
मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं. पुस्तकातलं नाव नंतर सांगितलं.

फुगा घालून झडप उघडायची, हे ऐकून
रेहज्या पहिल्यांदा बोलला:
"सारंगखेड्याच्या जत्रेतला?"
"तोच," मॅडम म्हणाल्या, "भाव जरा चढा लावतात."
मांडीच्या शिरेतून वर, पडद्यापलीकडे,
फुगला, मिटला. मोजायला दोन सेकंद नाहीत.
मी मोजली: एक पॉइंट नऊ.
काचेमागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
पुढचा पेशंट चोपड्याचा होता, पोट रिकामं ठेवून सकाळपासून बसलेला.

खरं काम त्यानंतरचं.
दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन, कंबरेत,
जाड सुई, दह्यासारखं औषध.
चुकलं की घसा, घशामागून गुडघा, आणि पुन्हा तेच तोंड माशाचं.
त्याची वही माझ्याकडे आहे.
शेवटचा रकाना मॅडमनी स्वतः आखलेला: न येण्याचं कारण.
संगणकवाले म्हणाले, इथे हो किंवा नाही ठेवा.
मॅडम म्हणाल्या, हा रकाना म्हणजे संशोधन,
बाकी सगळा जमाखर्च.

त्यात आहे: भोंगर्‍या बाजार.
त्यात आहे: उदय नदीला पाणी.
दुखतं म्हणून.
जीप भरली नाही म्हणून निघाली नाही.
बरं वाटतंय म्हणून. (हे सर्वांत जास्त वेळा, लाल शाईत.)
सुरकीच्या नवव्या डोसपुढे: बारडोली, ऊस.

निखतने वहीचा फोटो काढला,
बर्फाची पेटी घेतली, सुट्टीचा अर्ज दिला नाही.
नवापूर ओलांडून दोन दिवस शेताशेतांतून
"पावरा कुठे उतरलेत" विचारत हिंडली.
परत आली ती पायात उसाची कुसळं घेऊन,
आणि न विचारता रकान्यात लिहिलं: आम्ही गेलो.
असा पर्याय छापलेला नव्हता.
आता छापतात.

आज सतरावा.
सुरकी स्वतः आली, धाकट्या भावाला ओढत,
"ह्याचा पण घसा बघा," म्हणत. आमच्यावर उपकार केल्यासारखी.
सुई टोचल्यावर नेहमीची शिवी दिली,
आणि लंगडत निघाली पॅसेजमधून.

मी दारात उभा राहिलो, मशीन चालू सोडून.
जिन्याला बावीस पायऱ्या आहेत.
पहिल्यांदा आली तेव्हा ती
पाचवीला थांबली होती, मग नवव्या, मग बापाच्या पाठीवर.
आज कंबर धरून, तोंड वाकडं करून,
एकेक पायरी शिव्या घालत चढली.
थांबली फक्त वर, भावासाठी.
त्याला धाप लागली होती.

मी आत गेलो, जेल गरम पाण्यात ठेवली,
आणि त्याला हाक मारली.