रिकामी दांडी

वडगावात मागापाशी उभा राहणाऱ्या माणसाला
तुटलेल्या सुताचं कौतुक नसतं.
ताणा तुटतो, माग थांबतो,
बोटांना थुंकी लावायची, गाठ मारायची,
खटका ओढायचा. झालं.

म्हणून डॉक्टरांनी एमआरआय उजेडाला धरला
तेव्हा मी हसलोच.
राखाडी मांसात एक पांढरी चीर,
खांद्याची दोरी हाडावरून सुटलेली.
"दुर्बिणीतून करू. तीन खिळे, आणि दोरा."
"गाठ कुठली मारता?" मी विचारलं.
त्यांना वाटलं, घाबरलाय.

सहा आठवडे उजवा हात झोळीत,
सांभाळायला दिलेल्या दुसऱ्याच्या पोरासारखा.
झोपायचं ते खुर्चीत, बसून.
पहाटे चौगुल्यांचे माग सुरू व्हायचे,
भिंतीतून खटक्-फटक् माझ्या दातांपर्यंत यायची.
आमचे दोन बंद. वर जुनं लुगडं टाकलेलं.
वैजंता शर्टाची बटणं खालून वर लावत यायची
आणि शेवटच्याला माझ्याकडे बघायची नाही.
तिला ठाऊक असावं,
दुखणं शिमग्यापासूनचं होतं,
आणि बेंचवर शंभर झाल्यावर
"अजून पाच घाल की" हे कुणी दुसऱ्यानं नाही,
मीच म्हणालो होतो.

मग नेसर्गी मॅडम.
भिंतीवर कागदाची पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा,
प्रत्येक रेघेपुढे कुणाचं तरी आडनाव.
बोटं चालवायची भिंतीवरून वर,
ओंदु, एरडु, मूरु,
चौथ्याला कोपर थरथरलं की
"निधान री. निधान."
आमच्या घरात पाटीवरच्या अक्षरांवरून
थोरला चुलता दोन रात्री कोठडीत बसलेला.
त्याचा पुतण्या मी,
तिच्या आकड्यांना धरून
वीतभर भिंत चढत होतो.
एकदा घामाघूम होऊन म्हणालो, "साकु."
त्या म्हणाल्या, "अजून एक. मराठीत मोजा हवं तर."
मराठीत मोजलं.
तेवढंच दुखलं.

श्रावणात भांग स्वतः पाडला.
नवरात्रात वरच्या फळीवरचा डबा काढला,
रिकामाच होता, पण काढला.
दिवाळीच्या आधी माग सुरू केले,
एक आधी, दुसरा आठवड्यानं.

आणि आज मुतगेकरांचा आखाडा.
आखाडा नावाला, माती कधीच गेली,
पत्र्याखाली लोखंड आहे, आणि पावडरचा वास.
उद्यमबागेत ओतलेल्या त्याच चकत्या;
त्यातली एक वीसची साडेएकोणीस भरते,
सगळ्यांना माहीत आहे, कुणी बदलत नाही.
बेंचवर मोनाप्पा.
त्याला दांडी कशी धरायची ते मी शिकवलं,
आणि त्याच्यावर आता माझे शंभर.
मला बघून उठला, चकत्या काढायला लागला,
एकेक, आवाज न करता,
जसं आजाऱ्याच्या खोलीत भांडं ठेवतात.
त्याचाच जास्त राग आला.

वीस किलो. नुसती दांडी.
एके काळी हिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो.

उचलली.
खाली आणताना खांद्यात काहीतरी
दारामागे उभ्या माणसासारखं हललं.
छातीला लागली. थंड.
वर.
पुन्हा.
मोनाप्पा डोक्यामागे, दोन्ही हात दांडीखाली धरून,
न लावता.
पोरं आरशात बघत होती
आणि न बघितल्यासारखं करत होती.
सहा. सात. आठव्याला
डावा हात पुढे गेला, उजवा मागून आला,
पण आला.

"वाढवू?" मोनाप्पा म्हणाला. त्याच्या हातात पाचची चकती,
तयार, माझ्याचसारखी.
मी तोंड उघडलं.
"निधान," म्हणालो.
त्यानं मागे वळून पाहिलं,
कोण आलंय म्हणून.