वाटीत उरलेले

डब्यावर चित्र पोकलेनचं. पुस्तिकेच्या मागच्या पानांत क्रेन.
तिसरं शाल्मलीच्या डोक्यातलं, त्याला अजून नाव नाही.

मोटर एकच.
म्हणून दुसरं उभं करायचं तर पहिलं मोडायचं,
आणि तुलना करायची ती आठवणीशी.

पोकलेन देखणा. हात तीन ठिकाणी वाकतो,
पण बकेटमध्ये तांदूळ भरले की
आतलं दातेरी चाक कटकट घसरतं.
क्रेन बावळट, मान काडीसारखी,
तरी मिठाची पुडी
सोफ्यापासून टीव्हीपर्यंत नेते, न टेकवता.
तिचे एकोणीस तुकडे उरतात. वाटीत जातात.

तुर्भ्याच्या खाणीत सव्वीस वर्षं
खरा पोकलेन चालवलेले नाना
घणसोलीच्या या दीड खोलीत
डोळे मिटून नुसतं ऐकतात.
"लोड आलाय. चाक एक दात मागे घे."
ती घेते. आवाज बसतो.

"आमच्यात असं काही उरायचं नाही," ते म्हणतात.
मग बराच वेळ काही नाही.
"उरायचं म्हणा. अर्धा डोंगर."

रविवारी तिसरं तयार:
पुढे बकेट, मागे हुक, चालतं तिरकं.
वाटीत फक्त चार.
नाना एक डोळा उघडतात.
"हे नक्की काय करणार?"
"उचललेलं परत ठेवणार."

ते रिमोट मागतात.
उलटा धरतात,
आणि डावा अंगठा
थेट रिव्हर्सवर.