ऱ्हस्व

बँकेने अकरा कम्प्युटर दिले रात्रशाळेला.
पाठीवर अजून त्यांच्या मालमत्तेचे नंबर,
आत काही नाही.
पुसून दिलेत,
गेलेल्या माणसाचा शर्ट
खिसे तपासून द्यावा तसे.

मी गणिताचा. पण पंखा, फ्यूज आणि आता हेही
माझ्याकडेच येतं.
लॅमिंग्टन रोडला हुझेफाने एकाचं पोट उघडलं.
म्हणाला, सर, दोन जीबीत नवी विंडोज म्हणजे
दहा बाय दहात सोफा. दार लागणार नाही.
लिनक्स घाला.
कोणतं, विचारलं
तर स्क्रू दातांत धरून नुसता हसला.

कोणतं, हे मी सहा रविवार वाचत होतो.
डेबियन, ज्याला कसलीच घाई नाही.
उबुंटू. मिंट. फेडोरा.
आर्च, ज्यात वीट न् वीट आपणच रचायची.
यातून फुटलेली, फुटलेल्यांतून फुटलेली,
कुणाला दुसऱ्याचं बटण डावीकडे आवडलं नाही
की निघाला, वेगळी चूल मांडली.
पण पीठ तेच. आणि जाताना
कुणी कोठाराला कुलूप लावून गेलं नाही,
हे मी वहीत लिहून ठेवलं.

पिंगुळकर बाई म्हणाल्या, फुकट आहे ना? मग टाका आजच.
मी म्हटलं, फुकट वेगळं बाई, मुक्त वेगळं.
असेल, म्हणाल्या,
नोंदवहीत दोन्हीला रकाना एकच. खर्च शून्य.

काळाचौकी. संध्याकाळचे साडेसात.
नववीचा वर्ग, वय सतरा ते एक्केचाळीस.
तीन पेनड्राइव्ह काढले खिशातून. सांगितलं,
न बसवताही चालवून बघता येतं,
पेनड्राइव्ह काढला की मशीनला काही आठवत नाही.
सोपान दिवसा एजंटकडे फ्लॅटच्या चाव्या सांभाळतो.
म्हणाला, म्हणजे खोली बघायला गेल्यासारखं,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

पहिलं देखणं होतं. इतकं,
की माउसचा बाण त्याच्यामागे धापा टाकत होता.

दुसरं पळालं.
रुक्साना मदनपुऱ्यात बॅगांना चेन लावते, बोटं चपळ.
व्याकरणाच्या पुस्तकातून तिने टाइप केलं: ऱ्हस्व.
पडद्यावर र, त्याच्या पायाशी मोडकी काडी,
मग ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ,
मग ह, सुटा, रस्ता चुकलेला.
आखूड शब्द, भलताच लांब झाला.
सर, पडला हा, ती म्हणाली.
ल सुद्धा दांड्याचा आला होता. पाकळीचा नाही.

तिसरं करड्या रंगाचं, पाटीसारखं.
त्यात सगळे टाइप करू लागले,
पायऱ्या, चऱ्हाट, तऱ्हा, दुसऱ्याच्या चाव्या.
र वाकला, भुवईसारखा,
आणि पुढच्या अक्षराला चिकटून बसला.

मागच्या बाकावरून अंबादास उठला. वॉचमन, एक्केचाळीस.
पगाराच्या चिठ्ठीवर गेली बारा वर्षं
तो कु-हाडे आहे.
मधे आडवी काडी, जशी कुणी
नावावरच नाव चालवली.
एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं
कुऱ्हाडे.
बघितलं. पुसलं.
परत लिहिलं.
मग जागेवर जाऊन बसला, डबा उघडला.

मला माहीत आहे, दुसऱ्यातही फॉन्ट घातला असता
तर दुरुस्त झालं असतं.
सहा रविवारांचा तक्ता माझ्या पिशवीत होता,
मेमरी, वेग, किती वर्षं अपडेट.
तो बाहेर काढलाच नाही.

तिसरं कोणतं, ते नाव सांगत नाही.
वाद घालणारी माणसं फार आहेत
आणि दहाला शाळा बंद होते.

निघताना रुक्साना म्हणाली,
माझ्या मशीनवर पहिलंच राहू द्या.
हळू आहे ग, मी म्हटलं.
असू दे, थांबेन मी.
मुक्त म्हणालात ना, सर.

नोंदवहीत लिहिलं होतं: कम्प्युटर अकरा, प्रणाली एक.
एक खोडलं.
वर लिहिलं दोन, आणि बाजूला सही केली,
खाडाखोडीला करतात तशी.