दुसरी घागर

चोपड्याच्या कोर्टात विचारलं,
सुपडू नथ्थू बाविस्कर तुमचे कोण?
भाऊ, म्हणाले. धाकटा.

बाहेर टपरीशी वकिलांनी समजावलं होतं :
सात वर्षं ज्याची खबर नाही,
ज्यांना ती सहज लागली असती त्यांनाही नाही,
तो मेला असं धरतात.
तुम्ही फक्त ‘नाही’ म्हणायचं.

सहज कोणाला लागली असती?
डेपोतल्या चहावाल्याला,
ज्याच्या वहीत अजून त्याचे एकशेचाळीस रुपये आहेत.
मला.
दर आखाजीला न्यायला यावलपर्यंत यायचा,
रुमाल टाकून खिडकीची जागा धरायचा माझ्यासाठी.

सव्वादोनला ड्यूटी संपली.
हाताचं ग्रीस रॉकेलनं धुतलं.
पाना खिळ्याला अडकवला, डबा घेतला.
एवढं नक्की.
पुढे पोलिसांच्या कागदावर नुसत्या रेघा.

त्याच्या आधीची तीन गेली होती,
म्हणून मायनं याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं,
सव्वा रुपयाला परत विकत घेतलं.
मी सहा वर्षांची. सुपाची एक कड माझ्या हातात.
नावही टाकाऊच ठेवलं :
‘यमले पत्ता नको लागाले.’

साहेब, नाही लागला.
त्याला नाही, पोलिसांना नाही, आम्हालाही नाही.
हे मी म्हणाले नाही.
‘नाही’ म्हणाले, सही केली.

कोकिळा फरशीकडे बघत होती.
तिला बोल नाही लावत.
फंड अडकलाय, पोरीचं नर्सिंग अडकलंय,
खिडकीतला प्रत्येक माणूस दाखला मागतो.

आता निकालात तो मेलाय.
कधी, ते नाही.
वकिलांना विचारलं, तिथी कुठली धरू?
ते फाईलची नाडी बांधत होते.
म्हणाले, ताई, त्याला वेगळा पुरावा लागतो.

आज आखाजी.
कुंभारवाड्यातून दोन घागरी आणल्या.
अण्णांची भरली, वर डांगर ठेवलं, नाव घेतलं.
दुसरी कोकिळानं भरली.
डांगर नीट बसेना, तिनं दोनदा फिरवलं.
मग म्हणाली, बाई, नाव तुम्ही घ्या,
मी कसं घेऊ?

नवी माती.
पाणी झिरपून पाट काळा पडत चाललाय.
पोरगी बघतेय माझ्या तोंडाकडे.
मला सुपाची कड आठवतेय, बोटांना रुतलेली,
आणि माय, उकिरड्यापासून घरापर्यंत
एकदाही त्याला हाक न मारणारी.