तीन लिटर

ग्दान्स्कच्या तळघरात ओल ओढणारं यंत्र
रात्रभर घुरघुरतं.
सकाळी डब्यात तीन लिटर:
भिंतींचा घाम, उकडत्या बटाट्यांची वाफ,
वितेकचे ओले मोजे,
झोपेत सोडलेले हालिनाचे श्वास.

इतकं नितळ, की डबा रिकामाच वाटावा.

“नळाला क्लोरीनचा वास येतोय. हेच ओतू टाकीत?”
लाल शेपटीचा एकुलता मासा
काचेला तोंड लावून गप्प.

हालिना टॉर्च घेऊन यंत्रात डोकावते.
आत तांब्याची नळी,
वळणावर हिरवी पडलेली.

डबा ती जिरेनियमच्या कुंडीत रिकामा करते,
नळाची बादली भरून
उघडीच ठेवते उद्यापर्यंत.

वितेक बादलीशी उकिडवा.
दर तासाला नाक खुपसतो,
माशाकडे वळून सांगतो:
“अजून आहे.”